पाच जणांचं एक करडू

"शेवटचं दूध कोणी पाजलं? कधी आणि किती?"

गोठ्याच्या दारात वाकता वाकता डॉक्टरांनी विचारलं आणि आम्ही घरातले पाचही जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. "मी पाजलं," असं प्रत्येकाला म्हणता येत होतं. शेवटचं कोणाचं, हे मात्र कोणालाच सांगता येईना. समोर पेंढ्यावर दहा दिवसांचं करडू पाठ कमानीसारखी करून पडलं होतं. शेपटीखालचे केस पिवळट पातळ हगवणीने चिकटले होते, पोट नगाऱ्यासारखं ताठ होतं आणि मधूनमधून ते दात खात होतं. दात खाण्याचा तो बारीक करकर आवाज मला अजून ऐकू येतो. शेळी दात खाते तेव्हा तिला बहुतेक वेळा वेदना होत असतात.

आमच्या घरात त्या दिवसांत कोणीही निष्काळजी नव्हतं, म्हणून हे प्रकरण मी पहिल्यापासून लिहून काढते आहे. करडू आजारी पडलं ते हेळसांडीने नाही. पाच माणसांचा जीव त्याच्यावर होता आणि पाचांपैकी कोणालाच बाकीच्या चौघांनी काय केलं ते माहीत नव्हतं. छोट्या शेतीत वसंतातली कितीतरी नुकसानं अशीच होत असावीत, असं मला आता वाटतं.

घर आणि गोठा

आमची शेती लहान आहे. तीन एकरांच्या आत भाजीपाला, चाऱ्याचा तुकडा, बांधावर फळझाडं, सात शेळ्या, पंधराएक कोंबड्या आणि मधमाश्यांच्या दोन पेट्या. घरात सासूबाई, आम्ही नवरा-बायको, चौदा वर्षांची थोरली आणि आठ वर्षांचा धाकटा. गडीमाणूस कायमचा कोणी नाही.

थंडी सरून उन्हाचा चटका सुरू व्हायच्या मधल्या काळात आमच्याकडे सगळं एकदम अंगावर येतं. दिवस मोठा होत जातो तशा कोंबड्या अंडी जास्त द्यायला लागतात आणि त्यातल्याच एक-दोन खुडूक होऊन अंडी उबवायला बसतात. गादीवाफ्यावरची रोपं लावणीला येतात आणि त्यांना चार दिवस थांबा म्हणता येत नाही. फुलोरा आला की मधमाश्यांची संख्या भराभर वाढते आणि पेटी अपुरी पडते. शेळीचा गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा, त्यामुळे पाच महिन्यांपूर्वी बोकडाला दाखवलेल्या शेळ्या नेमक्या याच दिवसांत वितात. त्या वर्षी बारा दिवसांत चार शेळ्या व्यायल्या. पाच महिने आधी हिशोब करून त्या पुढेमागे दाखवता आल्या असत्या. तो आम्ही केला नव्हता.

जन्माची रात्र

आमची सगळ्यात जुनी शेळी रात्री दहाच्या सुमाराला व्याली. पहिली दोन करडं वीस मिनिटांत बाहेर आली, उभी राहिली, सडाला लागलीसुद्धा. आम्हाला वाटलं संपलं. पाऊण तासाने तिसरं आलं. हाताच्या पंजात मावेल असं, ओलंचिंब आणि आवाज न करणारं. पिशवीत घालून काट्याला लावलं. पहिलं 2.6 किलो, दुसरं 2.4 आणि हे 1.6.

थोरलीने थर्मामीटर लावला. 36.4. करडाचं अंग साधारण 38.5 ते 40 अंशांच्या दरम्यान असायला हवं. सासूबाई म्हणाल्या, "पोटात काहीतरी घाला गं आधी, नाहीतर जाईल ते." त्यांची घाई मला समजत होती, पण इतक्या गार पडलेल्या करडाला दूध पाजायचं नसतं. त्याची आतडी हलत नाहीत, दूध पोटात तसंच साचतं. चोखण्याचा जोर नसल्याने घोट श्वासनलिकेत उतरायचीही भीती असते. आधी कोरडं करायचं, मग ऊब द्यायची आणि मगच चीक. टॉवेलने खसाखसा पुसलं, खोक्यात पेंढा घातला, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना लावल्या. नाळेचं टोक आयोडीनमध्ये बुडवलं. सव्वा तासाने अंग 38.3 वर आलं आणि त्याने माझं बोट चोखलं. मग त्याच्याच आईचा चीक काढून 80 मिलि पाजला.

चिकाच्या बाबतीत घड्याळ फार महत्त्वाचं असतं. करडू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आईकडची प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते. ती चिकातून मिळते, आणि आतड्याच्या भिंतीतून ती आत घेण्याची ताकद पहिल्या काही तासांत झपाट्याने कमी होत जाते. एका दिवसाने ती संपल्यातच जमा असते. म्हणून पहिला चीक एक-दोन तासांत आणि पहिल्या चोवीस तासांत मिळून निदान अंगाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका तरी पोटात गेला पाहिजे. आम्ही चार वेळा 80 मिलि पाजला, म्हणजे त्याच्या दुप्पट झाला. पहाटे तीनला मी आणि थोरली गोठ्यातच पाठीला पाठ लावून बसलो होतो. ती म्हणाली, "आई, याचं नाव नको ठेवायला आत्ता." मी काही बोलले नाही. त्यामुळे ते 'तिसरं'च राहिलं, आणि पुढे तेच त्याचं नाव झालं.

तिसऱ्याला आईकडे सोडून बघितलं. पण शेळीला सड दोन आणि पिणारी तोंडं तीन. धष्टपुष्ट भावंडं त्याला डोक्याने ढकलून बाजूला करायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या बरगड्यांमागे खळगा दिसायला लागला. एकच करडू झालेली दुसरी शेळी होती, तिचं दूध काढून बाटलीने पाजायचं ठरलं.

एक वाक्य

पहिले चार दिवस सगळं मीच केलं. किती वाजता पाजलं, किती प्यालं, शी कशी होती हे सगळं माझ्या डोक्यात होतं. वही नव्हती, आणि तिची गरजही वाटली नाही.

पाचव्या दिवशी लावणी सुरू झाली. सकाळी सातला वाफ्यात वाकलं की दुपारशिवाय पाठ सरळ होत नाही. त्या दिवशी निघताना मी घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तिसऱ्याला वेळ मिळेल तसं पाजत जा रे कोणीतरी."

नंतर मी या वाक्याचा फार विचार केला. 'वेळ मिळेल तसं' म्हणजे वेळ ठरलेली नाही. 'कोणीतरी' म्हणजे माणूस ठरलेला नाही. आणि 'पाजत जा' म्हणताना किती, हे मी बोललेच नव्हते. चार दिवस माझ्या डोक्यात असलेल्या तीनही गोष्टी मी कोणाकडेही न सोपवता फक्त काम सोपवलं. घरात मी हे कितीदा करते, ते तेव्हा कळलं. पण ते नंतरचं.

पाचवा ते आठवा दिवस निभावला. सासूबाई सकाळी पाजायच्या, मुलं शाळेतून आली की पाजायची. करडू वाढत होतं, उड्या मारायला लागलं होतं. कोणाचीही चाहूल लागली की आक्रोश करत यायचं, आणि त्या आक्रोशाला बळी न पडणारं आमच्या घरात कोणी नव्हतं.

नववा दिवस

सकाळी अकराच्या सुमाराला एका पेटीतून माश्यांचा लोंढा बाहेर पडला. वसंतात भरलेल्या वसाहतीत नव्या राण्या तयार होऊ लागल्या की जुनी राणीमाशी अर्ध्याअधिक माश्या घेऊन घर सोडते. हा थवा आधी जवळच्या फांदीला घोसासारखा लटकतो, शोधक्या माश्या जागा हेरतात आणि मग सगळा थवा उडून जातो. लटकलेला असतो तेवढ्यात रिकाम्या पेटीत घेतला तर आपला. नवरा लावणी टाकून तिकडे धावला, मी त्याची सरी पुरी करायला थांबले. शाळेला त्या दिवशी लवकर सुट्टी होती, मुलं दुपारीच घरी आली. रोजचा क्रम मोडला, आणि क्रमाच्या आधारावर जे काही चाललं होतं तेही मोडलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिळून जोडलेला हिशोब असा होता. पहाटे पाचला लावणीला जाण्याआधी मी 120 मिलि पाजलं आणि ते कोणाला सांगितलं नाही, कारण सगळे झोपले होते. आठ वाजता सासूबाईंनी 150 पाजलं, त्यांना वाटलं सकाळचं हेच पहिलं. थोरलीने शाळेला निघता निघता 100 पाजलं, कारण ते तिच्या ओढणीला लोंबकळलं. दुपारी धाकट्याने एकट्याने 200 पाजलं. नवरा माश्या पेटीत घालून संध्याकाळी आला, "आज बिचाऱ्याकडे बघायला कोणाला वेळच झाला नसणार" असं मनाशी म्हणाला आणि 150 पाजलं. रात्री साडेनऊला मी गोठा बघायला गेले. ते उभं राहून ओरडलं, म्हणून मी 120 पाजलं.

सगळं मिळून 840 मिलि. दुसऱ्या दिवशी त्याचं वजन 2.3 किलो भरलं. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त दूध एका दिवसात पोटात गेलं होतं. या वयाच्या करडाला दिवसाला वजनाच्या 15 ते 20 टक्के, म्हणजे याला साडेतीनशे ते साडेचारशे मिलि, तेही चार-पाच वेळांत विभागून, पुष्कळ झालं.

नवऱ्याचा मनाशी केलेला विचार मला सगळ्यात जास्त लागला. तो घाईत नव्हता, थकलेला होता. थकून आल्यावरही त्याला आधी तिसरंच आठवलं होतं.

डॉक्टर आले तेव्हा

पहाटे साडेपाचला सासूबाईंना ते कोपऱ्यात पडलेलं दिसलं. डॉक्टर सातला आले. ते घाईने सुई काढतील असं मला वाटलं होतं. त्यांनी आधी नुसतं बघितलं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट व्हायला हवी, पण जागेवर जायला तीनेक सेकंद लागले. म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं होतं. हिरड्या चिकट होत्या, डोळे जरा आत गेलेले. तापमान 38.1. तोंडात बोट घातलं तर मंदपणे चोखत होतं. "चोखतंय हे चांगलं आहे," ते म्हणाले.

मग प्रश्न. वय किती? जन्मल्यावर चीक किती तासांनी? आईला विण्यापूर्वी आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची, लस दिली होती का? इतर करडं कशी आहेत? प्रत्येक प्रश्नाने ते एकेक शक्यता बाजूला ठेवत होते. रक्ती हगवण करणारे परजीवी पोटात वाढून त्रास द्यायला साधारण तीन आठवडे घेतात, तेव्हा दहाव्या दिवशी ते असण्याची शक्यता कमी. सख्खी भावंडं त्याच गोठ्यात, त्याच पेंढ्यावर ठणठणीत होती. मग फरक कशात होता? ती आईला पीत होती आणि हे बाटलीला. त्यानंतर तो प्रश्न आला, ज्याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

त्यांनी आम्हाला समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. करडू मान वर करून चोखतं तेव्हा दूध पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिल्यात न पडता सरळ चौथ्यात उतरतं. तिथे त्याची दह्यासारखी गुठळी होते आणि ती हळूहळू पचते. आईला पिणारं करडू दिवसभरात पुष्कळ वेळा पण प्रत्येक वेळी थोडंथोडं पितं, कारण तिला कंटाळा आला की ती पाय उचलून निघून जाते. बाटली निघून जात नाही. गुठळी पचायच्या आत वरून दुसरं दूध आलं की न पचलेली साखर आतड्यात उतरते, आंबते, वायू धरते आणि अंगातलं पाणी ओढून घेते. त्याची हगवण होते. आणि त्याच साखरेवर आतड्यातले काही जिवाणू भराभर वाढून विष सोडायला लागले तर तोच आंत्रविषार, त्यात करडू काही तासांत जातं. आईला महिनाभर आधी लस दिली होती आणि चीक वेळेवर पोटात गेला होता, एवढी जमेची बाजू आमच्याकडे होती.

उपाय साधे होते, पण वेळ खाणारे. सकाळच्या दोन पाळ्या दूध बंद. क्षारांचं कोमट पाणी दर दोन तासांनी थोडंथोडं, दुधात न मिसळता. दुपारनंतर दूध पुन्हा सुरू करायचं ते 60 मिलिपासून. बाटली त्याच्या आईच्या कासेच्या उंचीवर धरायची, त्याला मांडीवर उताणं घेऊन पाजायचं नाही. औषध त्यांनी तपासून, वजन करून दिलं. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण दुसऱ्याच्या करडाच्या हगवणीचं कारण वेगळं असू शकतं आणि मात्राही. आणखी एक गोष्ट त्यांनी मुलांकडे बघून सांगितली. करडांच्या हगवणीतले काही जंतू माणसांनाही होतात, तेव्हा गोठ्यातून आलं की साबणाने हात, आणि गोठ्यातले कपडे घरात नाहीत.

पहिल्या दिवशी काहीच फरक दिसला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पोट मऊ लागलं. तिसऱ्या दिवशी ते आपणहून उभं राहिलं, आणि सासूबाई देवघरात न जाता आधी गोठ्यात जाऊन बसल्या.

धाकटा

हिशोब जोडत होतो तेव्हा धाकटा गप्प होता. "तू किती पाजलंस रे?" या प्रश्नाला त्याने "थोडंसं" म्हटलं. दुपारी मी भांडी विसळत असताना तो मागे येऊन उभा राहिला. हातात रिकामी बाटली. ती त्याने माझ्यासमोर धरली आणि अगदी वरच्या कडेला बोट ठेवलं. "इथपर्यंत," म्हणाला. जरा वेळाने, "ते रडत होतं ना."

मी हात पुसून त्याला जवळ घेतलं. "ते माझ्यामुळे मरणार का?" असं त्याने विचारलं. मी नाही म्हणाले नाही, कारण तेव्हा मला माहीत नव्हतं. मी त्याला हिशोबाचा कागद दाखवला. त्यात त्याचे 200 होते आणि माझे दोन वेळचे मिळून 240. "बघ, सगळ्यात जास्त मी पाजलंय," मी म्हणाले. ते खरंच होतं. त्याने आकडे दोनदा बेरीज करून बघितले.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "आता मुलांनी पाजायचं नाही. आपण दोघांनीच बघायचं." रागाने नाही, काळजीने म्हणाला. मला ते पटलं नाही आणि त्यावर आमचं बरंच बोलणं झालं. मी म्हणाले, "अहो, चूक मोठ्यांनीही तेवढीच केली. मग आपणही पाजायचं बंद करायचं का?" शिवाय आठ वर्षांच्या मुलाला अशा वेळी गोठ्यातून बाहेर काढलं तर त्याच्या मनात एकच गोष्ट पक्की होते, की माझ्या हाताने जनावर मरतं. तो दोन दिवस गोठ्याकडे फिरकला नव्हताच. तिसऱ्या दिवशी मी त्याला वजनाचं काम दिलं. पिशवीत घालायचं, काटा वाचायचा, कागदावर लिहायचं. पाजायचं नाही, फक्त वजन. तो आला. पिशवीतून बाहेर आलेलं तिसऱ्याचं तोंड त्याने लांबूनच बघितलं, काटा वाचला, लिहिलं आणि पळाला. दुसऱ्या दिवशी काटा वाचून झाल्यावर जरा थांबला.

पाटी आणि बाटल्या

पुन्हा असं होऊ नये म्हणून आम्ही आधी जे केलं ते फसलं. गोठ्याच्या दाराला पाटी टांगली, खडू बांधला. पाजलं की वेळ, मिलि आणि नाव लिहायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी नीट लिहिलं. दुसऱ्या दिवशी थोरली बाटली धुवायला गेली आणि लिहायचं राहिलं, तिने आठवणीने रात्री लिहिलं, म्हणजे मधल्या वेळात पाटी खोटंच सांगत होती. सासूबाईंना तिन्हीसांजेला खडूची अक्षरं दिसत नाहीत, पण त्या कोणाला विचारायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एका शेळीने खालची अर्धी पाटी चाटून साफ केली.

त्या रात्री मी वैतागून म्हणाले, "लिहून ठेवायचं एवढं एक काम जमत नाही आपल्याला." सासूबाई म्हणाल्या, "मी कुठे लिहिते वहीत? मी अंड्यावर लिहिते."

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवताना त्या प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने फुली मारतात. ती 21 दिवस बसते, आणि मधल्या काळात बाकीच्या कोंबड्या येऊन त्याच खुराड्यात ताजी अंडी घालून जातात. ती वेळीच काढली नाहीत तर मागेपुढे फुटतात, आणि पहिली पिल्लं निघाली की कोंबडी उरलेली अंडी टाकून उठते. म्हणून रोज संध्याकाळी त्या हात घालून फुली नसलेलं अंडं काढून घेतात. अंधारात असल्या तर अंडं दिव्यासमोर धरतात. त्यांची नोंद अंड्यापासून वेगळी नसतेच. कोणी लिहायला विसरलं, असं तिथे होऊच शकत नाही.

मग आम्ही तीच गोष्ट दुधाला लावली. सकाळी मी दिवसभराचं दूध मोजून चार बाटल्यांत भरते आणि फ्रिजमध्ये एका रांगेत ठेवते. ज्याला पाजायचंय त्याने एक घ्यायची, गरम पाण्यात ठेवून अंगाइतकी कोमट करायची, पाजायची, धुवायची आणि गोठ्याच्या फळीवर उपडी ठेवायची. फळीवर दोन उपड्या दिसल्या म्हणजे दोन वेळा झालं. चारही उपड्या म्हणजे आजचं संपलं, मग त्याने कितीही आकांत केला तरी बाटली नाही. लिहायचं काही नाही, वाचायचं काही नाही. सासूबाईंना अंधारात हाताने चाचपून कळतं. पाटी तिथेच आहे, पण तिच्यावर आता फक्त आठवड्याचं वजन असतं. धाकटा ते लिहितो आणि त्यावरून पुढच्या आठवड्यात बाटली किती भरायची ते मी ठरवते.

करडं अनेक असतील तर एवढ्याने भागणार नाही, प्रत्येकाच्या बाटलीला वेगळ्या रंगाची पट्टी लावावी लागेल. आमच्याकडे त्या वर्षी बाटलीवरचं एकच होतं.

उरला प्रश्न रडण्याचा. बाटलीवर वाढलेलं करडू माणसाला बघून ओरडतं ते भुकेनेच ओरडतं असं नाही, माणूस म्हणजे दूध एवढं त्याला कळलेलं असतं. भूक आवाजावरून ओळखायची नसते. डॉक्टरांनी मुलांना ती ओळखायला शिकवलं. करडू उभं असताना त्याच्या मागे बसायचं आणि शेवटच्या बरगडीपासून मागच्या पायापर्यंतची बाजू बघायची. सरळ असेल तर पोट भरलं आहे. आत खळगा असेल तर भूक आहे. बाहेर फुगा असेल तर थांबायचं. थोरलीने एकदा बघितलं आणि तिला आलं. धाकट्याला आधी काही दिसेना. मग डॉक्टरांनी त्याला शेजारच्या, आईला पिणाऱ्या करडाच्या मागे बसवलं आणि दोघांच्या कुशींवरून हात फिरवायला लावला.

तिसाव्या दिवशी तिसऱ्याचं वजन 4.1 किलो भरलं. भावंडं साडेपाचच्या पुढे गेली होती. तो फरक पुढेही राहिला. नवरा अजूनही म्हणतो की अंधार पडल्यावर मुलांनी एकट्याने पाजू नये, आणि ते आम्ही मान्य केलं आहे.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी वाफ्यावरून आले तर फळीवर तीनच बाटल्या उपड्या होत्या. चौथी फ्रिजमध्ये भरलेली. मी सासूबाईंना विचारलं, थोरलीला विचारलं, सगळे म्हणाले आमची पाळी झाली. राहिला धाकटा. तो अंगणात मातीत बसला होता. "तुझी बाटली तशीच आहे रे," मी म्हणाले.

"माहितीये. दुपारी आजीच्या मागून दोनदा पाला ओढून खाल्ला त्याने. मी मागे बसून बघितलं, बाजू सरळ होती," तो म्हणाला. "अजून थोड्या वेळाने बघतो."